उंबरठा कोणत्या हद्दीत?

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, ते भूमापन खात्यात मोजणीदार होते. शीव, बांध, धुरा, हद्दीचे दगड यांतच त्यांची हयात गेली. तेव्हा त्यांच्या कामाशी नाते असलेला, तरी आपल्याकडे फारसा बोलला न जाणारा एक प्रश्न मी आज निवडला आहे. एखाद्या घराच्या भिंतींच्या आतूनच दोन हद्दींमधली रेषा गेली, तर त्या घराने घरपट्टी कोणाला द्यायची, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते घर कोणाचे समजायचे?

अशी घरे संख्येने थोडी आहेत. म्हणूनच त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. वकील म्हणून स्थानिक करांच्या प्रकरणांत मी काम केले आहे, आणि त्यावरून माझे मत असे झाले आहे की रेषा ज्याने आखली, तिचा हिशेब ठेवण्याचे ओझेही त्यानेच वाहिले पाहिजे. घरमालकाने एका कार्यालयात जावे, एक पावती घ्यावी. उरलेले कार्यालयांनी आपसांत मिटवावे. हे बोलायला सोपे आहे. प्रत्यक्षात काय होते ते पाहू.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात महाराजगुडा नावाचे गाव आहे. डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या एका घराची बातमी देशभर पोचली. आठ खोल्यांचे घर, दोन भावांचा संसार, बारा-तेरा माणसे. चार खोल्या महाराष्ट्रात आणि चार तेलंगणात. ज्या भावाच्या खोल्या महाराष्ट्रात, त्याचे स्वयंपाकघर तेलंगणात. म्हणजे चूल एका राज्यात पेटते आणि अंथरूण दुसऱ्या राज्यात पडते. घरच्यांनी पत्रकारांना सांगितले ते असे की १९६९ साली हद्दीची मोजणी झाली, तेव्हा निम्मे घर इकडे आणि निम्मे तिकडे असल्याचे कळले. आपल्याला आजवर काही अडचण आली नाही, दोन्हीकडच्या ग्रामपंचायतींना आपण कर भरतो, आणि योजनांचा लाभ तेलंगणाकडून अधिक मिळतो.

बातमी गमतीची म्हणून फिरली. खोल्यांवर कोणत्या राज्याचे नाव लिहिले आहे त्याची छायाचित्रे आली. मला त्यातले एकच वाक्य महत्त्वाचे वाटले, दोन्हीकडे कर भरतो हे. तक्रार करायला जागा असताना त्या कुटुंबाने तक्रार केली नाही. उलट आपण दोन्हीकडचे रीतसर रहिवासी आहोत, हे सांगण्यासाठी त्यांनी कराचाच आधार घेतला. ते का, हे समजायला त्या भागाचा इतिहास थोडा पाहावा लागतो.

राजुरा तालुका मुळात हैदराबाद संस्थानातल्या आदिलाबाद जिल्ह्याचा. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा तो तेथून निघून नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात आला. जिवती हा पुढे याच राजुऱ्यातून वेगळा झालेला तालुका. भाषेच्या आधाराने राज्ये झाली असली तरी डोंगराळ, जंगलाच्या मुलखात गोंड, कोलाम, बंजारा आणि मराठवाड्यातून पोटासाठी आलेली मराठी कुटुंबे शेजारी शेजारी राहत होती. तिथे भाषेची रेषा कुठून काढणार? महाराजगुडा, मुकदमगुडा, परमडोली, अंतापूर अशी चौदा गावे दोन राज्यांच्या वादात सापडली. पलीकडे आधी आंध्र प्रदेश होता, २ जून २०१४ पासून तेलंगणा आहे. या गावांत दोन्ही राज्यांच्या शाळा आहेत, दोन्हीकडची शिधापत्रिका असलेली घरे आहेत, दोन्ही राज्यांच्या मतदारयाद्यांत नावे आहेत, दोन सरपंच आहेत. मराठी शाळेत जाणारे मूल आणि तेलुगू शाळेत जाणारे मूल एकाच ओट्यावर अभ्यास करते.

आता अशा गावातल्या माणसाच्या बाजूने विचार करा. त्याच्या शेतीचा पट्टा वनजमिनीच्या प्रश्नात अडकलेला असतो. उद्या वाद कोणत्या बाजूने सुटेल ते ठाऊक नसते. त्याच्या हातात शासनाच्या शिक्क्याचा जो कागद दरवर्षी नियमाने येतो तो म्हणजे घरपट्टीची पावती. एक बंद पडली तर दुसरीकडे आपले नाव राहावे म्हणून तो दोन्ही पावत्या जपतो. शहरात आपण कर चुकवण्याच्या युक्त्यांबद्दल ऐकतो. सीमेवरचा गरीब माणूस कर भरण्याचा हक्क राखून ठेवतो. ही गोष्ट मला फार मोठी वाटते, आणि राज्यकर्त्यांनी ती लक्षात घ्यावी असे मनापासून वाटते.

एका गावाकडून दोघांनी वसुली करण्याची रीत दख्खनला नवी नाही. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. त्यानंतर दख्खनच्या किती तरी गावांत एकीकडे मोगलांचा, पुढे निजामाचा अंमलदार आणि दुसरीकडे मराठ्यांचा कमाविसदार असे दोघेही वसुलीला येत. दुअंमली गावे म्हणत त्यांना. वाटणीचे प्रमाण सनदेत असे, वरच्या वर हिशेब होत, भांडणेही होत. त्या व्यवस्थेत रयतेचे हाल झाले, ते दोघांचाही हिशेब रयतेच्या दारात होत होता म्हणून. वाटणी दरबारात झाली असती आणि वसुलीला एकच माणूस आला असता, तर कुणब्याला काय फरक पडणार होता?

आजच्या कायद्याकडे वळू. जमीन आणि इमारतींवरचा कर हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीचा, ४९ व्या नोंदीचा विषय आहे. आपल्याकडे तो ग्रामपंचायत अधिनियम १९५८ आणि कर व फी नियम १९६० यांच्या आधारे आकारला जातो. कायद्याची भाषा स्पष्ट आहे: गावाच्या हद्दीतील इमारती व जमिनी. म्हणजे महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतीने महाराष्ट्रातल्या चार खोल्यांवर कर घ्यावा आणि तेलंगणातल्या पंचायतीने तिकडच्या चार खोल्यांवर घ्यावा. तत्त्वतः यात दुहेरी कर नाही. एकाच चौरस फुटावर दोघांनी कर घेतला तरच तो दुहेरी होईल.

पण आकारणी कशी होते ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना कागदातली अडचण लगेच कळेल. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे कर आकारणी नोंदवहीत, घराची लांबी-रुंदी, बांधकामाचा प्रकार, मातीचे की विटांचे की आरसीसीचे, बांधकामाचे वय, वापर, हे लिहिले जाते. त्यावरून भांडवली मूल्य निघते, त्यावर कर बसतो, आणि तो नमुना ९ च्या मागणी नोंदवहीत चढतो. सोबत दिवाबत्ती, आरोग्य, पाणीपट्टी. ही मोजणी बाहेरच्या भिंतींवरून होते. माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत ही राज्याची हद्द आहे, असे लिहायला त्या नमुन्यात रकानाच नाही. ग्रामसेवक प्रामाणिक असला तरी तो काय करील? सगळे घर लिहील, नाही तर अंदाजाने निम्मे लिहील. पलीकडचाही तेच करील. दोघांच्या अंदाजांची बेरीज एका घराएवढी होते की नाही, हे पाहणारा कोणीच नाही. खोली वाढवली, पत्र्याच्या जागी स्लॅब टाकला, की दोन्हीकडे पुन्हा सांगायला जायचे. एकीकडे सांगायचे राहिले तर काही वर्षांनी थकबाकीची नोटीस येते. माणूस चुकला असे कार्यालय म्हणते. त्याला दोन नोंदवह्यांचा मेळ घालायला लावले, हे कोणी म्हणत नाही.

महाराष्ट्राच्या आत, राज्याची हद्द नसतानाही, असे घडते. दोन ग्रामपंचायतींच्या शिवेवर गावठाण वाढते आणि एका घराची पडवी दुसऱ्या गावात जाते. नगरपालिकेची हद्द ओढ्याच्या जुन्या पात्रावरून धरलेली असते. ओढा बुजतो, वर चाळ उभी राहते आणि हद्द चाळीच्या जिन्यातून जाते. अशा प्रकरणांत मी पाहिलेली बहुतेक भांडणे पैशांची नसतात. दोन्हीकडचा मिळून कर काही शे रुपयांच्या आत असतो. भांडण असते नळजोडणीचे, रहिवासी दाखल्याचे, घरकुलाच्या यादीचे. एक कार्यालय म्हणते तुमचे घर तिकडे, दुसरे म्हणते इकडे. कर मात्र दोघांनाही हवा असतो, कारण मागणी नोंदवहीतली वसुलीची टक्केवारी वर दाखवायची असते.

करपावतीने घर आपल्या हद्दीचे ठरते का? आपले न्यायालय सांगते, ठरत नाही. नमुना ८ च्या उताऱ्याखाली बहुधा छापलेलेच असते की हा मालकीचा पुरावा नव्हे. फेरफार आणि करनोंदी या केवळ महसूल वसुलीच्या सोयीसाठी असतात, त्यांनी मालकी निर्माण होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा म्हटले आहे. हाच विचार देशांच्या पातळीवर मांडला गेला तो बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या एका खटल्यात. त्या खटल्याची जागा सीमेवरच्या घरांच्या बाबतीत जगात सर्वांत जास्त अनुभव असलेली आहे, म्हणून तिथे थोडा वेळ थांबू या.

नेदरलँड्सच्या दक्षिणेला बार्ले नावाचे गाव आहे. त्याचा एक भाग बार्ले-नासाउ, तो नेदरलँड्सचा. दुसरा बार्ले-हेर्तोग, तो बेल्जियमचा. पण हे दोन भाग अलग नाहीत. बेल्जियमचे २२ तुकडे नेदरलँड्सच्या भूमीत विखुरले आहेत, आणि त्यांतल्या काहींच्या पोटात पुन्हा नेदरलँड्सचे ७ तुकडे आहेत. याचे मूळ ११९८ सालात जाते. ब्राबांतचा ड्यूक आणि ब्रेडाचा सरदार यांच्यात जमिनीची वाटणी झाली. ज्या जमिनी आधीच लागवडीला होत्या आणि ज्यांचा सारा ड्यूकला पोचत होता त्या त्याने स्वतःकडे ठेवल्या आणि बाकीच्या सरदाराला दिल्या, असे मानले जाते. म्हणजे आज ज्याला आपण देशाची सीमा म्हणतो ती तिथे मुळात साऱ्याची यादी होती. कोण कोणाला खंड देतो, यावरून आठशे वर्षांनी माणसे वेगवेगळ्या देशांची नागरिक ठरली.

१८४३ मध्ये दोन्ही देशांनी सीमा ठरवायला घेतली. बार्लेत सलग रेषा काढणे जमेना, तेव्हा त्यांनी तो नाद सोडला आणि ५,७३२ भूखंडांची यादी करून कोणता कोणाचा तेवढे लिहून ठेवले. आपल्या सातबाऱ्याच्या नोंदींवर देशाची सीमा ठरवावी तसा हा प्रकार. त्यात झोंडरआयगनजवळच्या ९१ आणि ९२ या दोन भूखंडांची गडबड झाली. गावाच्या जुन्या नोंदीत ७८ ते १११ हे सगळे क्रमांक नेदरलँड्सकडे होते. सीमा करारासोबतच्या प्रतीत मात्र ९१ आणि ९२ बेल्जियमकडे लिहिले गेले. पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ नेदरलँड्सने या जमिनींवर शेतसारा घेतला, खरेदीखते नोंदवली, जन्म-मृत्यू लिहिले. प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. २० जून १९५९ रोजी दहा विरुद्ध चार अशा मतांनी निकाल बेल्जियमच्या बाजूने लागला. शेतसारा घेणे, नोंदी ठेवणे ही स्थानिक कारकुनांची नेहमीची कामे आहेत. करारातून आलेले सार्वभौमत्व तेवढ्याने हलत नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

कायदा म्हणून हे बरोबर आहे. देशाचे सार्वभौमत्व कारकुनाच्या वहीवर ठरू नये. पण तिथे दोन देश समोरासमोर होते, दोघांकडे वकील होते, दोघांकडे १८४३ चा करार होता. महाराजगुड्याच्या कुटुंबाकडे करार नाही, त्याच्याकडे फक्त पावत्या आहेत. राज्याने दुसऱ्या राज्याविरुद्ध पावती पुढे करू नये, हे मला मान्य आहे. त्याच राज्याने माणसाकडून पन्नास वर्षे कर घेऊन नंतर तू आमचा नव्हेस असे म्हणू नये, हेही तितकेच खरे आहे. कर घेणाऱ्यावर त्या पावतीने काही बंधन यायला हवे. माणसाला सिद्ध करता येईल असा दुसरा कागदच शासनाने दिला नसेल, तर दिलेल्या कागदाची किंमत शासनाने पाळली पाहिजे.

बार्लेने रोजच्या जगण्यासाठी काढलेला तोडगा मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. घराचे दर्शनी दार ज्या देशात उघडते, त्या देशाचे ते घर. पत्ता तिथला, नोंदणी तिथली. मागची खोली दुसऱ्या देशात असली तरी तिच्यामुळे माणसाला दोन पत्ते घ्यावे लागत नाहीत. घरांवरच्या क्रमांकाच्या पाट्यांवर त्या त्या देशाचा झेंडा असतो, म्हणजे टपालवाल्यालाही विचारावे लागत नाही. लोव्हरेन भागातल्या एका घराच्या नेमक्या दारातूनच सीमा जाते, म्हणून त्या घराला दोन क्रमांक आहेत. पण ते अपवाद म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. सीमेचे उरलेले तपशील १९९५ मध्ये पक्के झाले, तेव्हा एका घराचे दार आजवर समजत होते त्याच्या पलीकडच्या देशात निघाले. घरच्या माणसाला देश बदलायचा नव्हता. तेव्हा खिडकीच्या जागी दार केले आणि दाराच्या जागी खिडकी केली, आणि घर होते त्याच देशात राहिले.

या नियमात दोन गुण आहेत. तो आधीपासून ठरलेला आहे, आणि तो डोळ्यांना दिसतो. क्षेत्रफळ मोजायला मोजणीदार लागतो, दार कुठे आहे हे पोरालाही सांगता येते. शिवाय निर्णयाचा काही भाग घरमालकाच्या हातात राहतो. यात लबाडीला वाव आहे असे कोणी म्हणेल. आहे. कोणी बांधकामाचे नियम सोपे असलेल्या बाजूला दार काढील. पण थोड्या लोकांनी घेतलेला फायदा सहन करणे हे सगळ्यांना दोन कार्यालयांच्या फेऱ्या घालायला लावण्यापेक्षा बरे, असे बार्लेकरांनी ठरवले आहे. २०२० च्या मार्चमध्ये करोनाची टाळेबंदी आली तेव्हा मात्र तिथेही नियम अपुरा पडला. एका कपड्यांच्या दुकानातली बेल्जियमची बाजू बंद करावी लागली आणि नेदरलँड्सची चालू राहिली, कारण दोन सरकारांचे आदेश जमिनीवर लागू होते, दारावर नाही. रोजच्या व्यवहारात तोडगा चालतो आणि संकटात रेषा पुन्हा वर येते, हे त्यावरून दिसते.

रेषा आधी की घर आधी, यावरही न्याय अवलंबून असतो. फ्रान्स आणि स्वित्झर्लंड यांच्यात ८ डिसेंबर १८६२ रोजी दाप्प खोऱ्याचा करार झाला. सीमेवर आधीच उभ्या असलेल्या इमारतींना धक्का लावायचा नाही, अशी त्यात तरतूद होती. करार मंजूर होण्यापूर्वीच्या मधल्या काळात एका माणसाने ला क्यूर गावात बरोबर होऊ घातलेल्या रेषेवर इमारत बांधली. पुढे तिथे अर्बेज कुटुंबाचे हॉटेल झाले, आणि सीमा आजही त्याच्या खोल्यांतून जाते. त्या माणसाने संधी साधली. पण तरतूद करणाऱ्यांचे तत्त्व पाहा: घर आधीचे असेल तर रेषेने माघार घ्यावी. महाराजगुड्यातले घर मोजणीच्या वेळी उभे होते. माघार मात्र कोणीच घेतली नाही.

अमेरिकेत टेक्सारकाना हे शहर टेक्सस आणि आर्कान्सॉ या दोन राज्यांत आहे, मधून स्टेट लाइन अव्हेन्यू नावाचा रस्ता जातो. टेक्सस व्यक्तीच्या उत्पन्नावर राज्याचा कर घेत नाही, आर्कान्सॉ घेते. रस्ता ओलांडला की कर वाचतो, अशा स्थितीत आर्कान्सॉच्या बाजूचे शहर ओस पडले असते. म्हणून आर्कान्सॉने आपल्या बाजूच्या टेक्सारकानातल्या रहिवाशांना राज्याच्या प्राप्तिकरातून सूट दिली. रेषेमुळे पडणारा फरक राज्याने आपल्या कायद्याने मिटवला. न्यू यॉर्क राज्याच्या शिक्षण कायद्यात तर तरतूदच आहे की राहते घर दोन शाळा-जिल्ह्यांच्या हद्दीवर असेल, तर मूल कोणत्या जिल्ह्याच्या शाळेत जाईल ते घरमालकाने ठरवावे. तिथे शाळेचा खर्च मुख्यतः घरावरच्या करातून चालतो, म्हणून ही निवड फार मोलाची. तरीही ती कायद्याने कार्यालयाकडे न ठेवता घराकडे दिली.

परदेशातल्या गोष्टी सांगून मी थांबलो असतो, तर तुम्ही म्हणाला असता की आपल्याकडे हे जमायचे नाही. आपल्याकडे हे जमलेले आहे, आणि तेही १९०८ पासून. नोंदणी अधिनियम १९०८ घ्या. त्याच्या कलम २८ प्रमाणे मिळकतीचा काही भाग जरी एखाद्या दुय्यम निबंधकाच्या क्षेत्रात असला, तरी दस्त त्याच्याकडे नोंदवता येतो. उरलेल्या भागाचे काय? त्यासाठी कलम ६४ आणि ६५ आहेत. ज्या निबंधकाकडे दस्त नोंदला त्यानेच दुसऱ्या क्षेत्रातल्या, दुसऱ्या जिल्ह्यातल्या अधिकाऱ्याला त्याची माहिती किंवा प्रत पाठवायची आहे. पक्षकाराने दोन ठिकाणी जायचे नाही. कागद कार्यालयातून कार्यालयात जातो.

त्याच साली आलेली दिवाणी प्रक्रिया संहिता पाहा. कलम १७ म्हणते की मिळकत दोन न्यायालयांच्या हद्दीत पसरली असेल, तर तिचा काही भाग जिथे आहे अशा कोणत्याही एका न्यायालयात दावा लावता येतो. आणि कलम १८ याहून पुढे जाते. मिळकत नेमकी कोणत्या न्यायालयाच्या हद्दीत येते हेच अनिश्चित असेल, तर न्यायालयाने तशी अनिश्चितता नोंदवावी आणि दावा चालवावा. तो निकाल हद्दीत असल्यासारखाच परिणामकारक मानला जातो. हद्द ठरेपर्यंत माणसाला बाहेर ताटकळत ठेवायचे नाही, हे तत्त्व तिथे लिहून ठेवले आहे. हद्द कळत नाही म्हणून न्याय थांबत नाही, मग हद्द कळत नाही म्हणून नळ का थांबावा?

म्हणजे एकाच देशात, एकाच घराबद्दल, खरेदीखताला एक दार पुरते, दाव्याला एक दार पुरते, आणि घरपट्टीला पुरत नाही. यामागे काही तात्त्विक कारण आहे असे मला वाटत नाही. नोंदणी आणि न्यायदान यांचे कायदे सगळ्या देशाकडे पाहून लिहिले गेले. घरपट्टीचे नियम एका गावाकडे पाहून लिहिले गेले, आणि गावाच्या शिवेवर ते संपले.

नंदुरबार जिल्ह्यातले नवापूर रेल्वे स्थानक अनेकांनी पाहिले असेल. फलाटाचा काही भाग महाराष्ट्रात, काही गुजरातमध्ये, आणि मध्ये एक बाक दोन्ही राज्यांत. लोक तिथे छायाचित्र काढतात. ते स्थानक इतक्या सहज दोन राज्यांत राहू शकते त्याचे कारण घटनेत आहे: केंद्राच्या मालमत्तेला अनुच्छेद २८५ मुळे राज्याच्या करातून सूट आहे. केंद्र सरकारने स्वतःच्या इमारतीसाठी ही काळजी घेतली. सामान्य माणसाच्या इमारतीसाठी सूट नको आहे, फक्त एक दार हवे आहे.

रेषा कायम एका जागी असते असेही नाही, आणि पुण्याच्या पूर्वेकडच्या लोकांना हे मी सांगायला नको. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये ११ गावे पुणे महापालिकेत आली, त्यांत फुरसुंगी आणि उरुळी देवाची होती. मिळकतकर वाढला, सुविधांची वाट पाहणे सुरू राहिले, विरोध झाला. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये ही दोन गावे पालिकेतून बाहेर निघून त्यांची नगरपरिषद करण्यात आली. एकाच घराने सात वर्षांत ग्रामपंचायत, महापालिका आणि नगरपरिषद असे तीन कर घेणारे पाहिले, आणि घराची एक वीटही हलली नव्हती. प्रत्येक बदलाच्या वेळी थकबाकी कोणाची, जुनी आकारणी कोणत्या वहीतून कोणत्या वहीत जायची, हा प्रश्न आला. सीमेवरच्या घराला जे नेहमीचे, ते वाढत्या शहरांच्या कडेला राहणाऱ्या लाखो माणसांना आता अधूनमधून सोसावे लागते. म्हणून हा प्रश्न थोड्या घरांचा आहे असे समजून सोडून देऊ नये.

करायचे काय? महाराष्ट्राच्या आतल्या हद्दींसाठी शासनाला कोणाची वाट पाहायची गरज नाही. १९६० च्या नियमांत आणि नगरपालिकांच्या नियमांत तरतूद करता येईल की हद्दीवरच्या राहत्या घराची आकारणी एकदाच, एकत्र मोजणीने व्हावी, तिचा नकाशा दोन्हीकडच्या वह्यांना जोडावा, घरमालकाने लेखी निवडलेल्या संस्थेने एकच बिल द्यावे आणि दुसऱ्या संस्थेचा हिस्सा वर्षाअखेरीस तिला पाठवावा. नळ, दाखला, घरकुल यांसाठी हीच निवडलेली संस्था धरावी. कर प्रत्येक संस्थेने आपल्या भागाचाच घ्यायचा, म्हणून हद्दीबाहेर कर लावल्याचा आक्षेपही येत नाही.

राज्यांच्या सीमेवर हे अवघड आहे, अशक्य नाही. १९५६ च्या पुनर्रचना कायद्याने विभागीय परिषदा निर्माण केल्या त्या अशाच कामासाठी. अडचण अशी की महाराष्ट्र पश्चिम विभागात आहे आणि तेलंगणा दक्षिण विभागात, म्हणून हे दोन शेजारी नेहमीच्या बैठकीत समोरासमोर येत नाहीत. पण दोन विभागांची संयुक्त बैठक घेण्याची सोय त्याच कायद्यात आहे. त्याहून पक्का मार्ग घटनेच्या अनुच्छेद २५२ चा. दोन राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव केले की संसद त्यांच्यापुरता कायदा करू शकते. १९७४ चा जलप्रदूषणाचा कायदा असाच आला. नदीच्या पाण्यासाठी राज्यांनी आपला अधिकार एकत्र केला, तर चार खोल्यांसाठीही करता येईल.

जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने जिवतीतली ती १४ गावे पूर्णपणे आपल्या प्रशासनात आणण्याची प्रक्रिया हाती घेतल्याचे जाहीर केले. मराठी माणूस म्हणून मला त्याचा आनंद आहे. पण माझा आग्रह असा आहे की मोजणी पथक गावात जाण्याआधी तिथल्या प्रत्येक घराची तेलंगणाकडची नोंदही मिळवावी: कोणत्या योजनेचे पैसे येतात, मूल कोणत्या भाषेत शिकते, कराच्या पावत्या किती सालापासून आहेत. या पावत्या राहण्याचा पुरावा म्हणून स्वीकारण्याचा आदेश आधी निघावा, मोजणी नंतर व्हावी. तिकडचा लाभ बंद होण्यापूर्वी इकडचा सुरू झालेला असावा. आणि ज्या घरातून रेषा जाते, त्या घरात मोजणीदाराने दोन्ही भावांच्या समक्ष, आतल्या भिंतींसह माप घ्यावे, त्याची सही-शिक्क्याची एक प्रत त्यांच्या हातात द्यावी, आणि निवड विचारावी. तेलुगू शाळेत शिकणाऱ्या मुलाच्या पुढच्या वर्षाच्या प्रवेशाचे काय, हे मोजणी अहवालातच लिहिलेले असावे.